पुढच्या दाराची बाई

आमच्या ब्रॅकनलॉ गावात पुढचं दार वाजलं की घरातली माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कोण गेलं, हाच पहिला विचार. पुढच्या दाराने येतात ते डॉक्टर, पाद्री, पोलीस, विमेवाला, आणि तिथूनच बाहेर पडते ती शवपेटी. बाकी अख्खं गाव मागच्या बोळातून येतं, कडी न वाजवता, तोंडातलं वाक्य अर्धं बोळातच सुरू करून. कोळशाची खाण बंद पडून इतकी वर्षं झाली, पण खाणवाल्यांच्या या घरांच्या ओळींमधली ही रीत काही सुटली नाही. आणि सुटेल कशाला? आम्हाला तिचा काही त्रास नाही.

आयरीन स्टोबर्टचा जन्म इथलाच, तिसऱ्या ओळीतल्या टोकाच्या घरातला. बाप खाणीत, आई, तिचं नाव बेटी, घरात, आणि ही पोर दिवसभर बोळात. कुणाच्या मागच्या दारातून घुसायची, भाजलेल्या पावाचा तुकडा उचलायची, आणि पुढच्या घरात जाऊन तो खात बसायची. शाळेत हुशार निघाली. अठराव्या वर्षी घरांच्या मंडळात तिला नोकरी लागली. मंडळ म्हणजे गावातली निम्म्याहून जास्त घरं ज्यांच्या मालकीची, ज्यांना आम्ही भाडं भरतो, ते. आधी ती कारकून होती. मग तिला जे काम मिळालं ते तिने जन्मभर केलं. ज्या भाडेकरूंचे पाय गेले, डोळे गेले, अंगातलं बळ गेलं, त्यांच्या घरात सोयी करून द्यायच्या. संडासाशेजारी धरायला दांडा, जिन्यावर बसून वर जायची खुर्ची, टब काढून त्या जागी बसून अंघोळ करता येईल असा शॉवर, दाराशी रॅम्प.

गावाने तिचं नाव ‘दांडेवाली’ पाडलं. त्यात वाईट काही नव्हतं. माणूस साठीला आला, खुर्चीतून उठताना कण्हला, की बायको म्हणायची, “बोलवू का दांडेवालीला?” एवढाच तो विनोद, आणि तो सगळ्या घरांत चालायचा.

पण नोकरी म्हटली की गळ्यात ओळखपत्र आलं, आणि ओळखपत्रासोबत पुढचं दार आलं. मंडळाचा नियमच तसा. भाडेकरूच्या घरी पुढून जायचं, बेल वाजवायची, आत बोलावलं की आत जायचं. पहिल्यांदा ती अशी कुणाकडे गेली तेव्हा त्या बाईने तिला पुढच्या खोलीत बसवलं, जिथे नाताळ सोडून कुणी बसत नाही. कपाटातले सोनेरी काठाचे कप काढले, बशीत कागदी जाळी घालून बिस्किटं मांडली, आणि कालपर्यंत जिला ‘ए पोरी, नाक पूस’ म्हणायची तिला ‘मिस स्टोबर्ट’ म्हणाली. आयरीनला तेव्हा बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही? वय पंचविशीच्या आत, आणि बायका तुमच्यासाठी चांगले कप काढतायत.

पुढे ते कप तिला नकोसे झाले, पण तोवर उशीर झाला होता. ती आली की रेडिओ बंद व्हायचा. स्वयंपाकघरातली खिदळणारी बाई पदर सावरावा तशी एप्रन काढून यायची. तिच्यासमोर कुणी कुणाची उणीदुणी काढायचं नाही, कारण कोण जाणे, मंडळाची बाई, उद्या ऑफिसात काय सांगेल. गावातल्या एकूणएक न्हाणीघराची लांबीरुंदी तिला ठाऊक होती, आणि गावात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे तिला सगळ्यांत शेवटी कळायचं, तेही दुकानात रांगेत उभं असताना दुसऱ्यांच्या बोलण्यातून.

लग्न तिचं झालं नाही. एक जण होता, पण तो दक्षिणेला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आयरीनने तिचं सगळं केलं. आई गेल्यावर तिसऱ्या ओळीतलं ते घर मंडळाकडे परत गेलं, कारण भाडं आईच्या नावावर होतं, आणि तिथे दुसरं कुटुंब आलं. ते कागद आयरीननेच, तिच्याच ऑफिसात, तिच्याच टेबलावरून पुढे सरकवले. तिला वरच्या नव्या वसाहतीत फ्लॅट मिळाला. तिसऱ्या मजल्यावर, छान उजेड, आणि दार एकच.

तर अशी ही बाई निवृत्तीला आली असताना एल्सी हेडलीचा पाय गेला.

एल्सी तिसऱ्या ओळीतली, ऐंशी उलटलेली, साखरेचं दुखणं जुनं. डॉक्टर सांगत होता पायाकडे लक्ष द्या, ही म्हणत होती पायाला काय झालंय, अजून बोळ झाडते. शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. हॉस्पिटलातून निरोप आला की बाई आता व्हीलचेअरवर घरी येणार, घर तयार करा.

आयरीन गेली. अर्थात पुढून. एल्सीच्या शेजारणीने, पेग टर्नबुलने, किल्लीने दार उघडलं आणि “बघा काय बघायचं ते” म्हणून ती मागून निघून गेली. आयरीनने फीत लावून मोजलं. न्हाणीघर वरच्या मजल्यावर, ते आता एल्सीच्या कामाचं नाही. खाली मागच्या बाजूला पडवी होती, जिथे पूर्वी कपडे धुवायचे, आणि तिच्यातच मागचं दार. तिथे शॉवर आणि संडास बसणार होता, फक्त दार बुजवावं लागणार होतं. मागचं अंगण इतकं चिमुकलं की तिथे रॅम्पला उतार मिळेना. पुढे मात्र जागा होती. पुढचं दार रुंद करायचं, दोन पायऱ्यांवर रॅम्प टाकायचा, झालं. एका दुपारीत तिने नकाशा काढला. चोख काम होतं. कुणीही बघितलं असतं तरी शाबास म्हटलं असतं.

एल्सीला तिने हॉस्पिटलात जाऊन विचारलं होतं, हे सांगायला हवं. ती बळजबरी करणाऱ्यांतली नव्हती.

“पुढच्या दाराने चालेल ना, मिसेस हेडली? मागचं बंद करावं लागेल.”

एल्सी उशीला टेकून बसली होती. तिने कपाळावरचे केस सारखे केले, ऑफिसची बाई आली म्हणून.

“तुम्हाला जे बरोबर वाटेल ते करा, मिस स्टोबर्ट. तुम्ही एवढं करताय तेच खूप आहे.”

आता आमच्यातली कुणीही बाई सांगेल, याचा अर्थ ‘नको’ असा होतो. पण पुढच्या दाराने येणाऱ्या माणसाला तोंडावर नको म्हणायची आमची पद्धत नाही. डॉक्टरला म्हणत नाही, पाद्र्याला म्हणत नाही, दांडेवालीला कशाला म्हणू? आणि आयरीन, जी याच बोळात लहानाची मोठी झाली, ती हे विसरून गेली होती. इतकी वर्षं लोकांच्या घरी पुढून जाता जाता तिला मागचं दार म्हणजे भिंतीतली एक जागा वाटायला लागली होती, जी गरज पडली तर बुजवता येते.

एल्सी घरी आली. तिला पुढून, रॅम्पवरून आत नेलं. शॉवर बघून ती म्हणाली, वा. दांडे हाताळून म्हणाली, अगदी मजबूत. मंडळाच्या मासिकात फोटोसुद्धा छापून आला.

आणि त्या घरात येणं-जाणं थांबलं.

पेग चाळीस वर्षं रोज सकाळी अकराच्या चहाला एल्सीकडे यायची. केसांना गुंडाळ्या, पायात सपाता, कधी नुसता झगा. येता येता बोलायला लागायची, “ऐकलंस का, त्या खाटकाने परत चरबीच बांधून दिली मेल्याने,” आणि स्वतःच किटली चढवायची. दोघी आख्ख्या गावाची सालं काढायच्या. पेगच्या मागोमाग बोळातली आणखी एखादी टपकायची, कुणी परसातल्या लीकच्या पातीची जुडी टाकून जायचं, कुणी नुसतं डोकं आत घालून “आहेस का?” विचारून पुढे जायचं. आता ते डोकं घालायला दारच उरलं नाही. मागे शॉवरची पांढरी भिंत, आणि पुढे रुंद, सुंदर, रंगवलेलं दार, ज्याच्याजवळ कुणी फिरकेना. सकाळी नर्स यायची, संध्याकाळी जेवण देणारी बाई यायची, दोघी पुढून. एल्सी पुढच्या खोलीत बसून रस्त्यावरून जाणारी बस बघायची. भिंतीवर उलथन्याने ठोकलं की पलीकडून पेगही ठोकायची. जिवंत आहे, एवढाच निरोप.

आयरीनला हे कळलं ते तीन महिन्यांनी, कामाची पाहणी करायला ती गेली तेव्हा. सगळं कोरडं, नीटनेटकं. एल्सी चांगल्या कपातून चहा देत शांतपणे म्हणाली, “मी जायचं ठरवलंय.”

“कुठे?”

“टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात. ईस्टर झाला की खोली रिकामी होतेय म्हणाले. जाते.”

“पण का? शॉवरचं काही चुकलं का? रॅम्प अवघड होतो का?”

“छे, शॉवर उत्तम आहे.” एल्सीने कप बशीत ठेवला. “तिथे जेवायला टेबलाभोवती चार माणसं असतात. मला त्यांच्यातलं कुणी ओळखीचं नाही, पण असतात. इथे मी आठवडा आठवडा कुणाशी भांडत नाही हो. भांडायला माणूस लागतं.”

“पेग येत नाही?”

एल्सी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “कुठून येणार?”

बस एवढंच. आयरीनने मान वळवून स्वयंपाकघराच्या दारातून पलीकडे पाहिलं, जिथे पूर्वी पडवी होती, आणि त्या क्षणी तिला सगळं दिसलं. त्या दारातून ती स्वतः सहा-सात वर्षांची असताना घुसली होती, याच एल्सीने तिच्या हातावर गरम पाव ठेवला होता. आपण ते दार बुजवलं. आणि आपल्याला कुणी अडवलं नाही, कारण आपल्याला अडवणारं इथे कुणी उरलंच नाही. तिला इतकी लाज वाटली की चहा संपवता आला नाही.

बाहेर पडून ती गाडीत बसली नाही. ओळीला वळसा घालून मागच्या बोळात गेली. सोमवार होता, बोळात आडव्या दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. पेग चिमटे तोंडात धरून उभी होती. ओळखपत्र दिसताच तिने चिमटे तोंडातून काढले.

“पेग, तू... तुम्ही एल्सीकडे जात का नाही?”

“जाऊ कुठून? तुमच्या शॉवरमधून?”

“पुढून जा ना. दार तर उघडंच आहे.”

“पुढून?” पेगने चादर झटकली. “मी काय विमा विकते? आणि मी पुढचं दार वाजवलं तर तिला वाटेल, ऑस्ट्रेलियाहून पोराची काही खबर आली. ऐंशीच्या बाईचं काळीज ते, थांबेल ना जागच्या जागी.”

“ती वृद्धाश्रमात जायचं म्हणतेय, ईस्टरनंतर.”

पेगचे हात थांबले. ती म्हणाली, “मला नाही बोलली.”

“बोलेल कशी? तुम्ही जातच नाही.”

“बरं,” पेग म्हणाली. “जाते. गुरुवारी जाते. तुम्ही पण या, म्हणजे दार उघडून द्याल.”

गुरुवारी आयरीन आधीच जाऊन बसली. अकराला बेल वाजली. दार उघडलं तर पेग उभी, चर्चला घालते तो निळा कोट, हातमोजे, केस नीट विंचरलेले, हातात केक, तोही बशीवर आणि रुमालाने झाकलेला. तिने आत येताना पायपुसण्यावर पाय पुसले. दोन्ही पाय, नीट. एल्सीने सोनेरी काठाचे कप काढून ठेवले होते.

“कशी आहेस, एल्सी?”

“बरी आहे. तू?”

“बरीच आहे. हवा गार पडलीय.”

“हो ना. वारं सुटलंय.”

“घर छान केलंय.”

“हो. मिस स्टोबर्टनी फार कष्ट घेतले.”

मग दोघी चहा ढवळत बसल्या. आयरीनला वाटलं कुणीतरी ओरडावं, कप फोडावा, खाटकाला शिव्या द्याव्यात. पण पुढच्या खोलीत बसून खाटकाला शिव्या देता येत नाहीत. पेग खुर्चीच्या कडेवर बसली होती, हातमोजे मांडीवर. केकचा एक तुकडा तिने खाल्ला, बशीत सांडलेला चुरा बोटाने गोळा केला, आणि थोड्या वेळात उठली. “येते मग. बोलव पुन्हा.” एल्सी म्हणाली, “येत जा.” दार लागलं.

एल्सी बंद दाराकडे बघत जे बोलली ते आयरीनला म्हणून बोलली की स्वतःशीच, कळलं नाही. “पाय पुसले तिनं. चाळीस वर्षांत कधी पुसले नव्हते. चिखल घेऊन यायची माझ्या फरशीवर, मी शिव्या घालायचे.” तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवले नाहीत. “जाऊ दे. ईस्टरनंतर जातेच मी.”

आयरीनला आजवर कुणासाठी इतकं धावताना आम्ही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती साहेबाकडे गेली. साहेब तरुण, बाहेरगावचा, पण माणूस वाईट नव्हता.

“स्वयंपाकघराची खिडकी काढून तिथे दार करायचंय,” ती म्हणाली. “मागच्या अंगणात उघडेल असं.”

“मागच्या अंगणात तर रॅम्प बसत नाही, तुम्हीच लिहिलंय.”

“नाही बसत.”

“मग मिसेस हेडली त्या दारातून बाहेर कशा जाणार?”

“त्या नाही जाणार.”

“मग दार कुणासाठी?”

“पेगसाठी.”

“पेग आपली अपंग भाडेकरू आहे का?”

“नाही. धडधाकट आहे. फक्त गुडघे कुरकुरतात.”

साहेबाने पेन खाली ठेवलं. “आयरीन, जी बाई चालू शकत नाही तिच्या घराला, जी बाई चालू शकते तिच्यासाठी आपण दार करून द्यायचं? मी वर काय सांगू?”

प्रश्न बरोबरच होता, आणि तो तिने स्वतः जन्मभर लोकांना विचारला होता. अंध बाईने बागेत बाक मागितला तेव्हा, लंगड्या माणसाने कबुतरांच्या खुराड्यापर्यंत वाट मागितली तेव्हा. ‘नियमात बसत नाही हो’ असं म्हणून ती त्यांच्या चांगल्या कपातला चहा पिऊन उठली होती. आता तीच नियमांपुढे नाक घासत होती.

दोन आठवडे ती रोज काहीतरी घेऊन साहेबाच्या दाराशी उभी. दुरुस्तीवाल्यांना विचारलं, ते म्हणाले खिडकी ठणठणीत आहे. हॉस्पिटलच्या बाईला विचारलं, ती म्हणाली एकटेपणावर गोळी असते, दार नसतं. शेवटी एका सकाळी ती आत गेली आणि म्हणाली, “मागचं दार बुजवल्यामुळे त्या घरातून बाहेर पडायला एकच वाट राहिलीय. पुढे आग लागली तर?”

आग हा शब्द ऐकला की ऑफिसातली माणसं खुर्चीत ताठ होतात. साहेबाने कपाळाला हात लावला. “हे आधी का नाही बोललात?”

“आधी सुचलं नाही.”

“रॅम्प नाही, मग आगीत ती बाहेर कशी पडेल?”

“पेग उचलेल,” आयरीन म्हणाली. साहेब तिच्याकडे बघून हसला आणि त्याने सही केली. मनात तो काय म्हणाला असेल ते असो. निवृत्तीला आलेल्या बाईला किती छळायचं, असंही असेल.

काम चालू असताना ती रोज जाऊन बघायची. सुतार म्हणाला उंबरा सपाट करू का, ती म्हणाली नको, पूर्वीसारखा राहू दे. कडी चांगली, आतून लागणारी लावू का? ती म्हणाली, बाहेरूनही उघडेल अशी लाव. सुताराला वाटलं बाई भ्रमिष्ट झाली. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात दार लागलं. हिरवं, साधं, वरच्या अर्ध्या भागात काच.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तिला सुट्टी होती. आयरीन सकाळी बेकरीत गेली, गोल, जाडजूड, मऊ पाव घेतले, आमच्याकडे न्याहरीला खातात ते, त्यांत हॅम आणि वाटाण्याचं वाटण घालून घेतलं. तीन घेतले. ओळखपत्र तिने घरीच ठेवलं होतं. गाडी लांब उभी करून ती बोळातून चालत आली. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा ती कुणाकडे मागून चालली होती, आणि तिला हसू येत होतं. लहानपणी इथे पळताना तिने गुडघे फोडून घेतले होते. अंगणाचं फाटक ढकलून, कडी न वाजवता ती आत शिरली.

“कोण ते?” एल्सी दचकली. मग म्हणाली, “अरे, मिस स्टोबर्ट. पुढच्या दाराचं काही बिघडलं का?”

“काही नाही. म्हटलं मागून यावं. चहा पिऊ या.”

“हो, हो. बसा ना.” एल्सी खुर्ची वळवून कपाटाकडे गेली आणि सोनेरी काठाचे कप काढायला तिने हात लांबवला.

“साधा मग चालेल, मिसेस हेडली.”

“छे हो, असं कसं.” तिने चांगलाच कप काढला. कपाखाली बशी ठेवली. मग स्वयंपाकघराच्या टेबलावरचे मीठ, बिलं, सुयांची डबी हाताने बाजूला सारून जागा केली. आयरीनने पाव टेबलावर ठेवले. आदल्या दिवशी दार लागताच एल्सीने वृद्धाश्रमाला फोन करून नाही म्हणून कळवलं होतं, तेही तिने सांगितलं. “ती खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. तिकडची बाई म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की.” आयरीनला फार आनंद झाला. तिला सांगायचं होतं की मी बेटीची आयरीन, तुम्ही मला पाव द्यायचात, आठवतं का. ती कप हातात धरून तेच जुळवत होती.

तेवढ्यात फाटक आपटलं.

“ऐकलंस का, त्या टिकोजीरावाने आज काय केलं,” बाहेरूनच आवाज आला आणि पेग आत. केसांना गुंडाळ्या, सपाता, झग्यावर नवऱ्याचा जुना स्वेटर. पायाला बोळातला चिखल, तो तिने सरळ फरशीवर आणला. दोन पावलं आत आली आणि आयरीनला बघून थबकली. तिचा हात आपोआप गुंडाळ्यांकडे गेला.

“अगोबाई, पाहुणे आहेत होय. मग मी नंतर येते.”

“ये गं, ये,” एल्सी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की आयरीनने तिला इतक्या दिवसांत तशी पाहिली नव्हती. “पाहुणे कसले? घरांच्या ऑफिसातल्या बाई आहेत. दार नीट लागलं का बघायला आल्यात. निघतच होत्या.”

आयरीनचा कप अर्धा भरलेला होता. एल्सीच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. ऑफिसातली माणसं दार बघायला येतात आणि बघून झालं की जातात.

“हो,” आयरीन उठली. “निघतेच मी.”

ती नव्या दाराकडे वळली, पण तिथे पेग उभी होती, अंग चोरून, गुंडाळ्या लपवत. आणि एल्सीने खुर्ची केव्हाच पुढे वळवली होती. भल्या रीतीची बाई ती. बाहेरच्या माणसाला मागून कशी जाऊ देईल? खोलीतून चाकं फिरवत जाऊन तिने स्वतः पुढचं रुंद दार उघडून धरलं.

“फार उपकार झाले, मिस स्टोबर्ट. देव तुमचं भलं करो.”

आयरीन रॅम्पवरून खाली उतरली. मागे दार लागलं. गाडी लांब, बोळाच्या त्या टोकाला होती, तिथे जायला आता ओळीला वळसा घालावा लागणार होता. ती वळसा घालून बोळात आली तेव्हा एल्सीच्या काचेच्या दारामागून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. पेग फरशीवरच्या चिखलावरून शिव्या खात होती आणि खदाखदा हसत होती. आयरीन फाटकापाशी थांबली. कडीवर हातही ठेवला. आत गेली असती तर कुणी हाकललं नसतं, हे तिला माहीत होतं. तिच्यासाठी कप काढला असता आणि हसणं थांबलं असतं. तिला रडू आलं. तिने ते आवरलं नाही, कारण बघायला बोळात कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला आणि ती गाडीकडे चालू लागली.